युजीनचे पुढचे तीन दात

वसईजवळच्या सांडोर गावच्या युजीन रुमावचे वरचे पुढचे तीन दात गेले ते नव्याण्णव सालच्या मे महिन्यात, एका लग्नाला जाता जाता. बँडची माणसं टेंपोत मागे उभी होती आणि युजीन सगळ्यांत पुढे, लोखंडी दांड्याला धरून. बोळिंजच्या वळणावर म्हैस आडवी आली, ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि युजीनचं तोंड त्या दांड्यावर आपटलं. एक दात तिथेच तुटला. शेजारचे दोन लोंबायला लागले, ते दुसऱ्या दिवशी डॉक्टरने काढले. त्या लग्नात बँड वाजला. पहिल्या, म्हणजे युजीनच्या, ट्रंपेटशिवाय वाजला आणि पाहुण्यांपैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. ही गोष्ट युजीनला तोंडाच्या सुजेपेक्षा जास्त दिवस दुखत राहिली.

तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता. पोट भरायचं ते केळी आणि भाजीवर, पण गावात त्याची ओळख होती ट्रंपेटवाला म्हणून. चौदाव्या वर्षापासून तो वाजवत होता. ट्रंपेट वाजतो ओठांनी, पण ओठ टेकतात दातांवर, हे त्याला दात गेल्यावर कळलं. डॉक्टरने काढता-घालता येणारी दातांची पट्टी करून दिली. भात खायला ती बरी होती. माउथपीस ओठांवर दाबला की मात्र ती टाळूवर हलायची, कडेने हवा निसटायची आणि सुराऐवजी फुसफुस ऐकू यायची. महिनाभर त्याने प्रयत्न केला. मग बँडचा मास्तर सेबॅस्टियन, त्याचा शाळेपासूनचा सोबती, एक दिवस झांजा घेऊन घरी आला. त्या ओट्यावर ठेवून म्हणाला, "तू बँडमध्ये हवास. बस, एवढंच."

युजीन पाच वर्षं झांजा वाजवत राहिला.

त्या पाच वर्षांत तो कमी बोलायला लागला. हसताना ओठांवर मूठ धरायची सवय लागली. पेरू सुरीने कापून, दाढेखाली ढकलून खायचा. मग पेरूच सोडला. मोठ्या मुलीच्या, नताशाच्या लग्नात तो बापासारखा सगळीकडे फिरला, पण बँड वाजायला लागला तेव्हा मागच्या बाजूला खुर्च्या मोजत बसला. त्याच्या बायकोने, ग्रेसीने, ते पाहिलं.

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत एका दुपारी तो ट्रंपेट घेऊन केळीच्या बागेत गेला. घरात कुणाला सांगितलं नाही. पट्टी घट्ट बसावी म्हणून तिच्याखाली कापसाचा पातळ थर घातला आणि माउथपीस दाबून फुंकर मारली. एक सूर लागला, बऱ्यापैकी लागला. दुसऱ्या सुरासाठी त्याने जोर केला आणि पट्टी मधोमध तडकली. तुकडा घशाकडे गेला. खोकून खोकून तो बाहेर आला तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याला आधी वाटलं, ठसक्याने आलंय.

जुना डॉक्टर दवाखाना बंद करून गेला होता. ग्रेसी त्याला वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीतल्या डॉक्टर संपदाकडे घेऊन गेली. डॉक्टर तिशीची, नवीनच आलेली, शांत बोलणारी.

"काय चावलात, काका?" तुकडे हातात घेऊन तिने विचारलं.

"शेंगदाणा."

"शेंगदाण्याने अशी तुटत नाही." ती पट्टीकडेच पाहत राहिली. "समोरून दाब पडलाय. कुणी मारलं का?"

ग्रेसीने नवऱ्याकडे पाहिलं. युजीनने खाली मान घालून खरं ते सांगितलं. डॉक्टर हसली नाही. म्हणाली, "पुढच्या वेळी ट्रंपेट घेऊन या. मला बघायचंय तो कुठे टेकतो ते."

त्याने खरोखरच नेला. दवाखान्याच्या खुर्चीत बसून, पुढचं तोंड रिकामं असताना, माउथपीस ओठांवर धरून दाखवला. डॉक्टरने आरशाने बघितलं, बोटाने हिरडी चाचपली, जबड्याचा मोठा एक्स-रे काढला. मग समजावून सांगितलं. दाताच्या मुळाच्या जागी टायटॅनियमचा छोटा स्क्रू हाडात बसवायचा. हाड हळूहळू त्याला धरून ठेवतं. सहा महिन्यांनी त्याच्यावर दात. तीन दातांना दोन स्क्रू पुरतील.

"पण दात जाऊन पाच वर्षं झाली. वापर नसला की हाड झिजतं. तुमचं पातळ झालंय. बसेल असं वाटतं, खात्री देत नाही. आणि ट्रंपेटचं तर मी काहीच सांगू शकत नाही, असा पेशंट मला कधी आलाच नाही."

घरी येताना रिक्षात युजीन म्हणाला, "आता या वयात कशाला? पट्टीच दुसरी करू."

"घराची कौलं बदलायची होती," ग्रेसी म्हणाली. "ती राहू देत. गळतं तिथे टोप ठेवते मी. पण तू असा मुका घरात बसतोस, त्याच्याखाली मी काय ठेवू?"

मे महिन्यात स्क्रू बसवले. हिरडी बधिर केलेली, दुखलं नाही, पण हाडात फिरणाऱ्या यंत्राची घरघर कवटीभर घुमत होती. आठवडाभर पेज. त्यानंतर नुसतं थांबायचं. लग्नाचा मोसम संपला, पाऊस आला, केळीला नवे घड धरले आणि युजीन सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याने चूळ भरत थांबला. दर महिन्याला एव्हरशाईनची खेप.

सप्टेंबरमध्ये डॉक्टरने डावा स्क्रू चिमट्याने हलकेच ठोकला आणि तिचा चेहरा बदलला. "हलतोय," ती म्हणाली. "हाडाने धरला नाही. काढावा लागेल, काका. चार महिने जागा भरू द्यायची, मग पुन्हा."

काढताना काहीच वेळ लागला नाही. बसवायला दीड तास लागला होता.

त्या दिवशी तो घरी येऊन ओट्यावर बसला आणि संध्याकाळपर्यंत उठला नाही. सेबॅस्टियन आला तेव्हा युजीन म्हणाला, "कंटाळलो रे. बरं व्हायचाच कंटाळा आला. झांजा काय वाईट आहेत?"

"वाईट नाहीत," सेबॅस्टियन म्हणाला. "पण तू वाईट वाजवतोस. पाच वर्षं सांगायचं राहिलं होतं."

युजीन हसला. मूठ वर जायच्या आधीच हसून झालं होतं.

जानेवारीत पुन्हा बसवला. या वेळी डॉक्टरने हाडाची पूड भरून जागा जाड केली आणि सात महिने थांबायला लावलं. तो थांबला. आशा वगैरे काही नव्हती. ज्या गावाला निघालो तिथे पोचायचं, एवढ्याच हिशेबाने तो जात-येत राहिला. ऑगस्ट दोन हजार पाचमध्ये तीन दातांचा जोड कायमचा बसला. डॉक्टरने हातात आरसा दिला. युजीनने दात पाहिले नाहीत, जिभेने चाचपले. हलत नव्हते.

"रोज पाच मिनिटं," ती म्हणाली. "जास्त नाही. दुखलं की बंद."

पाच मिनिटंसुद्धा जास्त ठरली. दात घट्ट होते, ओठच सगळं विसरले होते. तिसऱ्या मिनिटाला ते थरथरायला लागायचे आणि सूर फाटायचा. पूर्वी जी धून तो गप्पा मारता मारता उचलायचा, तिच्या पहिल्या ओळीला आता दीड महिना लागला. दुपारी केळीच्या बागेतून तोच तोच अर्धवट सूर ऐकून शेजारची रोझमेरी ग्रेसीला म्हणाली, "गाय व्यायली का गं तुमची?" ग्रेसी म्हणाली, "व्यायली असं समज."

दोन हजार सहाच्या जानेवारीत सेबॅस्टियनने त्याला एका लग्नाला गणवेश घालून यायला सांगितलं. बँडमध्ये आता नऊच माणसं उरली होती. बऱ्याच लग्नांत मोठे स्पीकर लागायचे आणि बँड फक्त चर्चच्या दारापासून मांडवापर्यंत पुरायचा. युजीनला दुसरा ट्रंपेट मिळाला. पहिला मेलरॉय वाजवत होता, त्याच्याहून वीस वर्षांनी लहान आणि चांगला.

चर्चच्या दारातून नवरा-नवरी बाहेर आली. पहिली धून युजीनने पूर्ण वाजवली. दुसरीही वाजवली, दोन जागा सोडून. तिसऱ्या धुनेत ओठ गेले. त्याने ट्रंपेट खाली घेतला आणि बाकीच्यांच्या पावलात पाऊल टाकत चालत राहिला. मेलरॉयने मागे वळून पाहिलं नाही, युजीनचाही भाग स्वतःच ओढून नेला. मांडवाजवळ आल्यावर युजीनने ट्रंपेट पुन्हा उचलला आणि शेवटच्या चार ओळी सगळ्यांबरोबर वाजवल्या.

घरी आला तेव्हा वरचा ओठ सुजला होता आणि माउथपीसचा गोल वळ लालभडक उमटला होता. ग्रेसी चूल सारवत होती.

"झालं?" तिने विचारलं.

"अर्धंच झालं," तो म्हणाला. "दमलो गं." आणि गणवेशाची बटणं न काढताच बाकावर आडवा झाला.

"पुढच्या रविवारी?"

डोळे मिटूनच त्याने विचार केला. "भुईगावला लग्न आहे. सेबॅस्टियन न्यायला येणार आहे."

ग्रेसीने ओल्या फडक्यात बर्फाचा तुकडा गुंडाळून त्याच्या ओठावर ठेवला, आणि तो पडून राहिला.