सुमनला न दाखवलेली चांदणी

फोन आला तेव्हा मी औरादजवळच्या एका रानात सोलारच्या प्लेटा बसवत होतो. पलीकडून सुट्टीला घरी आलेली मुलगी पूजा एवढंच म्हणाली, "अप्पा, घरी या... आई उठंना." मैलूरच्या घरी पोचलो तर दारात चपलाच चपला. काय ते समजलो. हृदयाचा झटका आला आणि माझी बायको, सुमन, गेली. त्याला आता दीड महिना झाला.

आमच्या कंपनीचं नाव 'अरुंधती सोलार पंप'. गिऱ्हाइकं चेष्टा करतात, "अण्णा, उन्हावर चालणाऱ्या पंपाला चांदणीचं नाव कामून ओ?" मी हसून वेळ मारून नेतो. आज सांगतो. चिंताकीला आमचं लग्न लागलं ते भर दुपारी. सप्तपदीनंतर भटजींनी आम्हाला मांडवाबाहेर नेलं आणि रिवाजाप्रमाणे नवरीला अरुंधती दाखवायला सांगितलं. मी आपलं बोट वर केलं. "दिसली का?" भटजींनी विचारलं. एरवी नवरीनं मुकाट 'दिसली' म्हणायचं असतं. पण ही बया कपाळावर हात आडवा धरून मन लावून बघत राहिली आणि म्हणाली, "न्हाई वो. एवढ्या उन्हात कुठं चांदणी दिसती?" सगळा मांडव हसायला लागला. तिची मावशी चिमटे काढायली, "व्हय म्हण की गं!" पण ही खोटं बोलायला तयार नाही. शेवटी मीच हळूच म्हणालो, "घरी गेल्यावर खरी दाखवतो." तेव्हा कुठं तिनं मान हलवली.

पण दाखवणार काय, कपाळ? मला स्वतःलाच ती ओळखता येत नव्हती! कुणाला विचारायची लाज वाटायची. पुढं कंपनी काढली तेव्हा पाटीवर तेच नाव रंगवलं. वाटलं, एवढ्यावर भागेल. सुमन पाटी वाचून म्हणाली, "नाव बेस हाय. पण दाखवणार कवा?"

"या उन्हाळ्यात नक्की."

असे बावीस उन्हाळे गेले. पंपांची एवढी काय घाई होती मला, देव जाणे... मान वर करायला असा किती वेळ लागतो? माझाच मला राग येतो, आणि तो काढायला आता घरात कुणी नाही.

तेरावं झाल्यावर एका संध्याकाळी मी पूजाला म्हणालो, "तुझी आई ती चांदणी न बघताच गेली गं." पूजा कडगंचीला विद्यापीठात शिकते. ती एकदम रडायलाच लागली.

"अप्पा, आईनं बघितली होती. दोन वर्षांमागं मीच दाखवली, आपल्या गच्चीवर."

"मग मला सांगितलं कामून न्हाई?"

"आईनं शपथ घातली होती. म्हणली, अप्पाला कळू दिऊ नको. त्यांनी दाखवली की मी म्हणीन, आत्ताच पहिल्यांदा बघायलेय."