न मोडलेलं हाड

माझ्या सासूबाईंनी माझ्या लेकीचं हाड मोडलं, असं मी चारचौघींसमोर ओरडून सांगितलं. तेही त्यांच्याच घरी, नातीच्या बारशाच्या दिवशी! चूक माझीच होती. आजही आठवलं की कान तापतात.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. मी दिग्रसला जिनिंगमध्ये कारकून. बायको पहिल्या बाळंतपणाला महागावला माहेरी होती. बारशाला म्हणून मी गेलो, तेव्हा सासूबाई पाय लांब करून, नडग्यांवर बाळ घेऊन तेल चोळत होत्या. अर्ध्या महागावाची बाळं त्यांनी न्हाऊ घातली होती. (उरलेलं अर्धं महागाव, आपल्याकडे त्यांना यायला वेळ नाही, म्हणून रुसलेलं होतं.)

न्हाणं झालं आणि बाळ माझ्या हातात आलं. मी मॅट्रिकला शरीरशास्त्र घेतलेला माणूस! लेकीचा मुका घ्यायचं सोडून बरगड्या तपासू लागलो. छातीच्या मधोमध, बरगड्या संपतात तिथं, कातडीखाली एक टोक बोटाला लागलं. दाबलं की आत जाई, सोडलं की वर येई.

"मामीजी, हे काय करून ठेवलं?"

"काय जी?"

"पोरीचं हाड मोडलं तुम्ही! हे पाहा, हलून राह्यलं!"

घुगऱ्या शिजवायला जमलेल्या बायांचे हात थांबले.

"मायव!" एक म्हातारी किंचाळली. "काल माह्या नातवालेही यायनंच चोळलं!" आणि ती झारा टाकून पळाली. तिच्यामागे बाकीच्याही!

"मी हळूच चोळलं जी, जवाईबुवा," सासूबाई एवढंच म्हणाल्या आणि तेलाचे हात पदराआड घेतले.

बारसं राहिलं. बिननावाची लेक, रडणारी बायको आणि पिशव्या उचललेले सासरे घेऊन मी यवतमाळची एस.टी. धरली. बाळ उशीवर, उशी माझ्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला मी ओरडे, "हळू चालवा!"

"भाऊ, याच्याहून हळू म्हणजे उभीच करा लागंन!" ड्रायव्हर म्हणाला.

यवतमाळच्या डॉक्टरांनी बाळाची छाती चाचपली आणि माझ्याकडे पाहिलं. "सदऱ्याची बटणं काढा."

"साहेब, दुखणं बाळाचं आहे."

"दुखणं तुमचंच दिसतंय. काढा."

त्यांनी मला टेबलावर आडवं करून छातीखाली असा अंगठा रोवला की मी टेबलावरून उठलोच!

"सापडलं? तुम्हालाही आहे. ही कूर्चा. कानाच्या वरच्या भागासारखी लवचीक. बाळाच्या अंगात अशी पुष्कळ असते. ती वाढते आणि हळूहळू तिच्या जागी हाड तयार होतं. म्हणून तर लेकरं उंच होतात. हे टोक मात्र सगळ्यात आळशी. चाळिशीपर्यंत रेंगाळतं. बाळ कृश असलं की वर दिसतं, एवढंच."

"माह्यं पक्कं झालं वाटते," सासरे स्वतःला दाबत म्हणाले. बाहेर बाकावर बसलेले सगळे पेशंटही आपापली छाती चाचपत होते!

महागावला परतलो. सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि "बरं झालं," म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी बाळाला हात लावीनात. गावातून कोणाचं बोलावणंही आलं नाही.

"तुमालेच सगळं समजते ना," बायको मला म्हणाली. "घाला आता आंघोळ!"

मी बसलो. तेल लावलं, साबण लावला, आणि लेक माझ्या हातून मासोळीसारखी सुळकन निसटली! सासूबाई कुठून धावल्या कोणास ठाऊक. घंगाळावर आपटायच्या आत त्यांनी तिला झेललं, पुसलं, बायकोच्या मांडीवर दिलं आणि पुन्हा चुलीपाशी जाऊन बसल्या. हात पदराआड.

ते मला पाहवेना. मी घरोघर फिरून पळालेल्या सगळ्या म्हाताऱ्या गोळा केल्या. अंगणात उभं राहून कूर्चा समजावली. एकीलाही पटेना.

"मोडेल नाही तं मंग हलते काहून?"

इलाज नव्हता. मी सदरा वर केला. म्हाताऱ्या रांगेनं येऊन एकेक दाबून जाऊ लागल्या. रांग अर्धी झाली तशा सासूबाईही उठून पुढे आल्या. तेलाचा अंगठा लावून म्हणाल्या, "हौ, हाय. पण लयच मऊ हाय व! यायच्या मायनं तेलच लावलं नाही वाटते!"

अंगण हसलं. मी म्हणालो, "चुकलं, मामीजी. तुमच्या हाताला मी उगाच बोल लावला. माफ करा."

(माफी मागताना हात जोडायला हवे होते, कळत होतं. पण सदरा सोडला असता, तर मागच्या म्हाताऱ्यांचं पाहायचं राहिलं असतं!)