बघणाऱ्याची सही

इंदूताई दुकानात शिरली की मी गल्ल्यामागे सरकायचो. भंडाऱ्यात माझं कापडाचं दुकान आहे. इंदूताई माझी चुलत बहीण, माझ्याहून बरीच मोठी. गिऱ्हाइकांच्या देखत ती मी घडी घातलेली साडी उचलायची, झटकून पूर्ण उघडायची आणि पहिल्यापासून घडी घालायची. काठावर काठ, तळहाताच्या कडेने आतली हवा बाहेर लोटत. मध्येच कोणी तिच्याशी बोललं, तर पुन्हा सगळी उघडायची.

"ताई, साडी आहे ही. आभाळातून नाही पडणार."

"साडी नाही पडत. तुयं गिऱ्हाईक पडते, किंमत ऐकून."

बायका हसायच्या. मीही हसायचो, पण ती गेल्यावर दार लावून घ्यावंसं वाटायचं.

आमचं घराणं कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणणारं. त्या घरातून इंदूताई इंजिनिअर झाली, दक्षिणेकडच्या एका संशोधन संस्थेत गेली आणि उभं आयुष्य तिने हवाई छत्र्यांवर घालवलं. अवकाशातून परतणाऱ्या कुप्या, उंच फुग्यांवरून सोडलेली यंत्रं, ही शेवटी ज्या छत्रीला लटकून जमिनीवर येतात, ती छत्री. "रॉकेट वर कसं जाते ते सारे विचारतेत," ती म्हणायची. "वापस कसं येते, ते कोणालेच नाही पडलं." लग्न केलं नाही. निवृत्त होऊन ती एकटीच परतली. काकांचा माग जिथे होता त्या खोलीत तिने लांबलचक टेबल करून घेतलं. सुरुवातीला जुन्या सहकाऱ्यांचे फोन यायचे. मग सणासुदीला यायचे. मग टेबलावर नुसत्या चादरींच्या घड्या दिसू लागल्या.

तिच्या कामाची एक रीत होती. छत्री घडी घालून पिशवीत बांधायची, पण एकट्याने कधीच नाही. एक बांधणारा आणि एक बघणारा. बघणाऱ्याने कशालाच हात लावायचा नाही. बघायचं, आणि दिसलं ते सांगायचं. शेवटी दोघांनी सही करायची. एकदा एका बघणाऱ्याला चूक दिसली होती, पण बांधणारे साहेब मोठे होते, म्हणून तो गप्प बसला. छत्री उघडलीच नाही आणि विमानातून सोडलेला चाचणीचा डबा दगडासारखा खाली आला. आत नुसतं वजन होतं, कोणी मेलं नाही. तरी इंदूताई ती गोष्ट घरातलं माणूस गेल्यासारखी सांगायची.

एकदा अवकाशातून परतणाऱ्या कुपीचं उतरणं टीव्हीवर दाखवत होते. मी तिच्याकडे बघायला गेलो. छत्री बाहेर पडली आणि क्षणभर मिटलेल्या कळीसारखी लांबट राहिली. इंदूताईचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. मग ती फुलली. इंदूताईने एकटीने टाळी वाजवली आणि टीव्ही बंद केला. कुपी अजून हवेतच होती.

"अजून उतरली नाही ना ताई!"

"उतरन आता. बांधणाराचं काम झालं."

त्यानंतर ती बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत बसली. मला दुकान उघडायचं होतं. मी निघून आलो.

दोन वर्षांपूर्वी इथल्याच एका कॉलेजच्या मुलांनी हवामानाचा फुगा सोडायचं ठरवलं. परवानग्या काढल्या होत्या. वर गेल्यावर फुगा फुटणार आणि यंत्रांचा थर्माकोलचा डबा छत्रीने खाली येणार. त्यांचे सर इंदूताईकडे आले. तिचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. पण तोवर तिच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला होता. डॉक्टरांनी नावही सांगितलं होतं त्याचं. तिने मला बोलावलं.

"दिलीप, बघणारा तू. जमन ना? तोंड बंद, डोये उघडे."

सकाळच्या उन्हात ती टेबलापाशी उभी राहिली. नारिंगी कापडाच्या पाकळ्या एकावर एक बसवल्या, रेतीच्या पिशव्यांनी दाबल्या. मग दोऱ्यांची नागमोडी घडी. तिथे हात थरथरला आणि एक दोरी दुसरीवरून उडून पलीकडे गेली. मला स्वच्छ दिसलं. मी तिच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता आणि ओठ शाळेतल्या पोरीसारखे आवळलेले. मी काही बोललो नाही.

बांधून झाल्यावर तिने विचारलं, "काई दिसलं?"

"नाही ताई. एक नंबर झालं."

मी सही केली. तिने पेन घेतला, कागदापर्यंत नेला आणि खाली ठेवला. मग ती सगळी छत्री तिने उघडली.

"दोरी उडाली, माया बोटाले समजलं. तुले नाही दिसली?"

"दिसली."

"मंग सही काहून केली?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "वरच्या हवेले मालूम नाही रे, मी तुयी ताई आहो म्हणून."

त्याच दिवशी तिने सरांना सांगितलं, छत्री मुलांनीच बांधावी, त्यांच्यातलाच बघणारा ठेवावा. फुगा सुटला त्या दिवशी ती गेली नाही. एकोडीकडच्या एका धानाच्या शेतात, बांधीत डबा अलगद उतरला. मी पेढे घेऊन धावत तिच्याकडे गेलो. "बरं झालं," ती म्हणाली आणि पेढा वाटीखाली झाकून ठेवला. त्यानंतर तिने मला टेबलापाशी कधी बोलावलं नाही. दुकानातही आली नाही. माझ्या साड्या तशाच वेड्यावाकड्या घड्यांत राहिल्या आणि त्यांच्याकडे बघवेना. अख्ख्या गावात खरं सांगायला तिने एकच माणूस निवडला होता. त्याने तिला गोड बोलून एकटं पाडलं.

यंदा हिवाळ्यात ती दवाखान्यात होती. छातीत न्यूमोनिया. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "छान दिसून राहिली ताई." सिस्टर म्हणायची, सुधारणा आहे. एका दुपारी आम्ही दोघंच होतो. तिने डोळे उघडले.

"दिलीप. काय दिसते?"

खोटं अगदी जिभेवर आलं होतं.

"दोन्ही हात हलतेत, ताई. श्वास मधातच अडकते. कालच्यापेक्षा जास्त. डॉक्टर बाहेर गेला का आमच्यासंग हळू बोलते."

तिचा हात चादरीवरून माझ्या मनगटावर आला.

"आता बघून राहिला तू," ती म्हणाली.

दोन दिवसांनी ती गेली. दवाखान्यातल्या माणसाने कागद पुढे केला. ओळख पटवून ताब्यात घेतल्याची सही हवी होती. "इथं करा," म्हणत त्याने बोट ठेवलं. मी त्याला थांबायला सांगितलं. तोंडावरचं कापड बाजूला केलं. कपाळ, मिटलेले डोळे, शांत झालेले ते दोन हात. सगळं सावकाश बघितलं. मग सही केली.