शेडमधली भट्टी

"पेटतंय, पेटतंय. दम धरा जरा." गाडी कधी सुटणार असं कुणी विचारलं की आमचा भट्टीवाला वर न बघता एवढंच म्हणायचा आणि पंख्याची मूठ आणखी जोरात फिरवायचा.

दुसऱ्या लढाईमुळे पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारी कोळशावर चालू लागल्या. मागे लावलेली ती उभी टाकी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. तिच्यात कोळसा पेटवून गॅस धरेपर्यंत हाताने पंखा फिरवावा लागे. साताऱ्याच्या मोटार स्टँडवर हे काम त्याचं. सांगलीची पहिली गाडी वेळेवर सोडणं माझं. माणूस उंब्रजकडचा, पहिल्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आलेला. मिशांवर कायम राख. कोळसा ओला निघाला की पुरवठादाराच्या सात पिढ्या उद्धरायचा, पण म्हाताऱ्या उतारूंची गाठोडी न सांगता टपावर चढवायचा.

त्या हिवाळ्यात गाठोडं उचलताना तो मध्येच थांबू लागला. डावा हात दाबत उभा राहायचा. डॉक्टरला दाखव म्हटलं तर म्हणाला, वात आहे, ओवा खाल्ला की जातो. हा धूर बाधतोय तुला, असंही मी म्हणून पाहिलं.

"आवं सायेब, धुरानं कुठं मानूस मरतंय व्हय? आमच्या बाया जलमभर चुलीम्होरंच हायत."

मला ते पटलं. खरं म्हणजे पटवून घेणं माझ्या सोयीचं होतं.

पुढे समोरच्या कापडवाल्यांनी ओरड केली. धुराने धोतरजोड्या काळ्या पडत होत्या. मी शक्कल लढवली: गाडी पत्र्याच्या शेडमध्ये घ्यायची आणि दारं लावून भट्टी पेटवायची. पेठ खूश झाली. एका कापडवाल्याने मला बोलावून चहा पाजला.

आठवडाही झाला नव्हता. एका सकाळी आतला पंखा वाजायचा थांबला. दार उघडलं तर तो मागच्या चाकाला टेकून बसलेला, अंग अजून गरम. डॉक्टर म्हणाले, धुराने हृदय आधीच खचलं होतं, कोंडलेल्या हवेत बंद पडलं. दारं का लावली होती, असं त्यांनी विचारलं. थंडी फार होती, मी म्हणालो.

दहाव्याला त्याच्या गावी गेलो. त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"लय थंडी व्हती म्हनं. तुमी त्यास्नी आत बसवलं, दारं लावून घ्या म्हनला. एवढी माया कोन करतं, सायेब?"

माझी मला लाज वाटली. तरी तिने दिलेलं पाणी मी सगळं प्यायलो.