कायझरचा न आलेला दात

रंगनाथ कातकाडे यांच्या घरात कुत्रं आलं ते त्यांच्या मनाविरुद्ध, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. हौस मुलाची, ललितची. त्यानं चांगल्या घराण्यातलं, कागदपत्रांसकट जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं, कायझर नाव ठेवलं, दोन-तीन डॉग शो गाजवले आणि नेमकी जर्मनीतच नोकरी पटकावली. ज्या देशाचं कुत्रं त्या देशात मुलगा गेला, आणि कुत्रं राहिलं नाशिक रोडला, बापाच्या गळ्यात.

नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या माणसानं खरं तर सकाळी निवांत चहा प्यावा, पेपर चाळावा. रंगनाथ मात्र झुंजुमुंजू व्हायच्या आत पट्टा हातात घेऊन बाहेर. कायझर पुढे, हे मागे ओढले जाताहेत. घरी आलं की कोंबडी उकडायची, आणि बायको वत्सलाबाई माळकरी, त्यामुळे ते उकडणंही मागच्या दारी वेगळ्या शेगडीवर, स्वतःच्या हातानं. मग केस विंचरा, नखं घासा, आणि संध्याकाळी गच्चीवर सराव. शोच्या रिंगणात कुत्र्यासोबत धावावं लागतं हो, नुसतं उभं राहून भागत नाही.

"कुत्रं तरुण आहे, तुम्ही नाही," वत्सलाबाई म्हणायच्या. त्यात खोटं काय होतं? रंगनाथ थकले होते, पार थकले होते.

आता कायझर दिसायला राजबिंडा. छाती भरदार, चाल अशी की रस्त्यावरची माणसं वळून बघत. खोट म्हणाल तर एकच. खालच्या जबड्यात डावीकडे एक बारीकसा दात त्याला आलाच नाही. खाण्याभुंकण्यात त्यानं काडीचा फरक पडत नव्हता, पण शोमध्ये परीक्षक ओठ उचलून दात तपासतात. कुणी तेवढ्याकडे काणाडोळा करी, कुणी त्यावरून मागे ढकली. असं करत करत चॅम्पियन व्हायला लागणारी प्रमाणपत्रं जमत आली, आणि शेवटचं एक अडून बसलं. त्या एकापायी पुणं झालं, सुरत झालं, इंदूरही झालं.

मग सोडून का देत नव्हते? फोनमुळे. ललितचा एरवी फोन नाही. लावला तर "बाबा, मीटिंगमध्ये आहे." आईनं जेवलास का विचारलं की "हो," संपलं. पण शो जवळ आला की हाच मुलगा रोज व्हिडिओ कॉल करायचा. कायझरची पाठ दाखवा, चालवून दाखवा, वजन किती भरलं? आणि त्या ओघात तिथला बर्फ, खालच्या मजल्यावरची खडूस म्हातारी, करपलेली खिचडी, असं काहीबाही सांगून जायचा. रंगनाथांना ओढ होती ती त्या खिचडीची. कुत्र्याच्या पाठीचं त्यांना काय कळतंय!

जानेवारीत गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर शो ठरला. आदल्या दिवशी ललित म्हणाला, "बाबा, उद्या जमलं ना, की संपलं सगळं. मग कायझरला घरीच ठेवा आरामात. तुम्हीही सुटलात."

"हो, सुटलो," रंगनाथ म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र त्यांच्या डोक्यात तेच घोळायला लागलं. सुटलो म्हणजे काय? मग ललित फोन कशासाठी करणार?

दुसऱ्या दिवशी रिंगणात शेवटी दोघंच उरले. एक कायझर, आणि दुसरा इंदिरानगरच्या सृष्टीचा शेफर्ड. सृष्टी कॉलेजातली पोरगी, पहिल्यांदाच उतरलेली. परीक्षक बंगळूरचे, वयस्कर, उन्हानं वैतागलेले. त्यांनी कायझरचे पुढचे दात पाहिले आणि बाजूचे ओठ उचललेच नाहीत. दोघांना पळवलं. कायझर असा पळाला की बाहेरच्यांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षक मान डोलावत कायझरकडे निघाले. आता प्रमाणपत्र मिळणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

आणि रंगनाथ बोलून गेले, "साहेब, बाजू के दांत देखने के रह गये. एक कम है."

परीक्षक थबकले. वाकले, ओठ उचलला, पाहिलं. मग कायझरकडे, मग सृष्टीच्या शेफर्डकडे. जोड तोडीस तोड होती, आणि अशा वेळी एवढंसं कारणही पुरतं. प्रमाणपत्र सृष्टीला गेलं.

"आप जैसे ईमानदार लोग अब कहाँ मिलते हैं," परीक्षकांनी त्यांचा हात हातात घेतला. सृष्टी तर रडायलाच लागली. "काका, दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं हो," म्हणत ती पाया पडली. रंगनाथांना वर बघवेना. प्रामाणिकपणा कसला डोंबलाचा! लबाडीच केली होती त्यांनी, आणि लोक पाठ थोपटत होते. कायझर जीभ बाहेर काढून त्यांच्याकडे बघत होता, त्या बिचाऱ्याचा तर हक्कच मारला होता. शरमेनं ते गर्दीतून लवकर निघाले.

घरी येऊन टेकतात तोच ललितचा फोन. शोमधल्या कुणाकडून तरी त्याला सगळं आधीच कळलं होतं.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं का? हातातलं घालवलंत! आता पुन्हा पुण्यापासून सुरुवात. मार्चमध्ये शो आहे तिथे. मी रोज फोन करीन, रोज, मला तुमचा भरवसाच राहिला नाही..."

वत्सलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. पोरगा इतकं टाकून बोलतोय, आणि हे भिंतीला टेकून, डोळे मिटून, बोलणं लांबावं असं वाटत असल्यासारखे ऐकत बसलेत.

"बाबा? ऐकताय ना?"

"ऐकतोय रे," रंगनाथ म्हणाले. "तू बोल."