कार्डांच्या पाठी

सुलक्षणा भित्री होती. सौम्य शब्द शोधून उपयोग नाही. ऑफिसात कुणी खुर्ची जोरात सरकवली तरी ही आधी 'सॉरी' म्हणायची. उदगीरहून आलेली, जवळच्या माण गावात रंभाबाईंकडे भाड्याच्या खोलीत राहणारी, हिंजवडीच्या कंपनीत अजून कायम न झालेली मुलगी. त्यात २००९ साल. मंदीत तिच्या मजल्यावरच्या चौघांना एकाच दिवशी घरी पाठवलं होतं. पाचवी आपणच, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

तिची टीम सिडनीतल्या दातांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. पंधरा दिवसांत जेवढी कामं उरकायची, तेवढी कार्डं फळ्यावर टाचायची, आणि ते टाचणं सुलक्षणाकडे. या खेपेला चौदा होती. पण सिडनीच्या बाई फोनवर रोज काहीतरी वाढवायच्या आणि मॅनेजर शैलेशसर म्हणायचे, "एवढंसंच तर आहे, होऊन जाईल." नाही म्हणायला या गृहस्थांना कुणी शिकवलंच नसावं.

सुलक्षणानं पंधरावं कार्ड लावलं, तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "चौदाची पंधरा कशी झाली? वर काय सांगू मी?"

झालं. सुलक्षणाबाईंनी घाबरून ते कार्ड काढलं आणि नवं काम एका जुन्या कार्डाच्या पाठीवर लिहिलं. मग दुसरं, मग तिसरं. समोरून बघावं तर चौदाच. पाठीवरच्या कामांना कुणी हातही लावला नव्हता, आणि शुक्रवारी सिडनीच्या बाईंना सगळं दाखवायचं होतं. कुणी फळ्याजवळ गेलं की ही मध्ये जाऊन उभी राहायची.

मंगळवारी रंभाबाईंनी विचारलं, "काय झालंय गं? ताट तसंच हाय." तिनं रडत रडत सगळं सांगितलं. रंभाबाईंना त्यातलं निम्मंही कळलं नाही. "कवा ना कवा कुनीतरी उलटनारच की," त्या म्हणाल्या, "मग तूच उलट."

बुधवारी पहिल्या कॅबनं जाऊन ती रिकाम्या ऑफिसात कार्डं उलटी टाचू लागली. टाचणी दोनदा बोटात घुसली. अगदी वरच्या कार्डापर्यंत तिचा हात पोचत नसे, ते सरच टाचायचे; म्हणून त्याच्या पाठीवर तिनं कधी लिहिलं नव्हतं. आज खुर्चीवर चढून ते उलटलं, तर तिथं शैलेशसरांचं तिरकं अक्षर. तीन कामं, आणि खाली: 'सुलक्षणाला कसं सांगू?'

ती खाली उतरली तेव्हा सर दारात उभे होते. त्यांची नजर उलटलेल्या कार्डांवर होती.

"किती झाली?" त्यांनी विचारलं.

"माझी एकोणीस. तुमची तीन."

सर त्याच खुर्चीवर बसले. "मला वाटतं, पाचवा मी असेन," ते म्हणाले.

त्यांनी फोन तिच्याकडे सरकवला. तिनं तो परत त्यांच्याकडे सरकवला. शेवटी सुलक्षणानंच सिडनीचा नंबर फिरवला आणि अडखळत्या इंग्रजीत सांगून टाकलं की कामं छत्तीस झालीत, शुक्रवारपर्यंत चौदाच होतील. संपलं सगळं, असं तिला वाटलं.

"बरं," बाई म्हणाल्या, "कोणती चौदा?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. सुलक्षणानं पहिलं कार्ड काढलं आणि दोन्ही बाजूंनी वाचायला लागली.