पाच नंबरची मुलगी

आमच्याकडे पहिला नंबर आला की पेढे वाटतात. पाचवा आला तर शेजाऱ्यांपुढे विषय काढत नाहीत. त्यामुळे शाळेतल्या नव्या कॉम्प्युटरने प्रत्येक मुलाच्या वागणुकीला एक ते पाचमधला आकडा मागितला, तेव्हा मी गुणी पोरांना एक दिला आणि ज्यांची काळजी वाटत होती त्यांना पाच. कसं भरायचं त्याचा कागद इंग्रजीत होता. पहिलं पान बघून मी मान डोलावली होती. तीच मान पुढे बरेच दिवस खाली होती.

नव्वदच्या दशकाच्या मध्यातली ही गोष्ट. मी धरणगावला मास्तर. गावातल्या एका व्यापाऱ्याने शाळेला कॉम्प्युटर दिला होता आणि मुख्याध्यापकांच्या भाच्याने, तो धुळ्याला इंजिनिअरिंगला होता, एक प्रोग्रॅम करून दिला होता. मुलांचे गुण, हजेरी, वागणूक त्यात भरायची. कोणाचा जादा तास घेतला, कोणाच्या घरी जाऊन आलो, तेही. मग मुख्यतः वागणुकीच्या आकड्यावरून, ज्याला मदतीची गरज जास्त त्याचं नाव वर, अशी यादी छापून येणार. मला त्या मशीनची भीतीच वाटे. चपला बाहेर काढून आत जायचं आणि तापल्या तव्याला बोट लावावं तसं एकेक बटण दाबायचं. टूं वाजलं की मी खुर्चीसकट मागे.

आठवीतल्या एका मुलीचा आकडा मात्र मी न घाबरता दाबला. पाच. दिवाळीपर्यंत खणखणीत आवाजात धडा वाचणारी ती पोर नंतर मागच्या बाकावर जाऊन बसली. वाचायला उठवलं की खोकल्याचं निमित्त. फळ्यावरचं उतरवून घेणंही सोडलेलं. विचारलं तर, काही नाही सर. आकडा दाबला आणि मला हलकं वाटलं. आता मशीन बघेल.

शनिवारी यादी निघाली आणि मी पाहायच्या आतच मुख्याध्यापकांनी वरच्या काही नावांच्या पालकांना निरोप धाडले. सोमवारी ऑफिसात कापडवाले शेठजी घाम पुसत बसलेले. त्यांची नात वर्गात पहिली. कोणी काही विचारायच्या आत शेठजींनी कबूल करून टाकलं, की ती घरी आजीला उलट बोलते, पण शाळेतही बोलत असेल असं वाटलं नव्हतं. मुख्याध्यापक माझ्याकडे बघू लागले. मी टेबलावरची यादी उचलली, तर वर सगळी मी एक दिलेली नावं. एक म्हणजे सगळ्यांत वाईट, हे मला तिथे उमगलं. अख्खी यादी उलटी होती.

मी कागद तळापर्यंत उलगडला. शेवटी ती मुलगी. पुढे छापलेलं, मदतीची गरज नाही. आणि वर्गात तिची जागा गेल्या आठवड्यापासून रिकामी होती.

मधल्या सुट्टीत घरी पळालो. बायको भाकरी थापत होती. माझं ऐकलं तसा तिने तवा उतरवला. मास्तर एकटाच दारात उभा राहिला तर बाप आधी पोरीलाच झोडपेल, असं म्हणत ती माझ्या पुढे निघालीसुद्धा.

मुलीचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल, घर गावाबाहेर. वाटेत विहीर लागते. तिथे तीन-चार बाया कठड्यावरून वाकून आत बघत होत्या. माझे पाय जागच्या जागी थांबले. बायको मला तिथेच सोडून पुढे गेली, वाकली, परत आली. कोणाची तरी कळशी पडली होती. ती म्हणाली, चला. मी तिच्या मागोमाग निघालो.

दारात वडील होते. मास्तर जोडीने आलेला पाहून ते माझ्याहून जास्त घाबरले.

"काय चुकनं तिनं, गुरुजी? बठ्ठं बरं शे ना?"

मी म्हटलं, सगळं बरं आहे, तिचं काही चुकलं नाही. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. पोरीचं अभ्यासात लक्ष नाही, तेव्हा आता घरीच ठेवायची, असं ठरल्याचं त्यांनी सांगितलं. एवढ्यात ती पाणी घेऊन आली. तांब्या तिने बायकोच्या हाताच्या वीतभर बाजूला धरला आणि सोडून दिला. बायकोने तो पडता पडता झेलला. लुगडं भिजलं, पण ती त्याबद्दल बोलली नाही. पोरीला जवळ ओढून बसवलं.

"कधीपासून दिसत नाही गं?"

पोरगी बायकोच्या कुशीत तोंड घालून बोलू लागली. मग कळलं ते असं, की दिवाळीपासून अंधुक दिसत होतं आणि चष्मा लागला तर घरचे शाळा बंद करतील या धास्तीने तिने कोणाला कळू दिलं नव्हतं. वडील भिंतीला टेकून खाली बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर तिला तपासून बाहेर येईपर्यंत मी बाकाची कड घट्ट धरून बसलो होतो. नजर झपाट्याने कमी होत होती, ते म्हणाले. आणखी उशीर झाला असता तर चष्म्यावर भागलं नसतं. आता भागेल. वडिलांनी तिथेच विचारलं, मग शाळा? डॉक्टर म्हणाले, पाठवा की.

परतीच्या एसटीत पुढच्या सीटवर ती बापाच्या खांद्यावर झोपली होती. मी बायकोला सांगू लागलो, की भाच्याकडून ते आकडे सरळ करून घेतो, पुन्हा घोळ व्हायला नको. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती.

"अहो, पाच लिहिताना तुम्हाला कळलं होतं ना, पोरीचं काहीतरी बिनसलंय म्हणून?" ती म्हणाली. "मग त्या डब्याला काय सांगत बसलात? घरी येऊन मला सांगायचं."